फंड आणि पेन्शन: एकाच कपातीची दोन खाती

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात कुणाला महिना १०,००० पगार असेल, तर फंडापोटी, म्हणजे भविष्य निर्वाह निधीसाठी (पीएफ), त्याचे १,२०० रुपये कापले जातात. मालकानेही तेवढेच घालायचे असतात. पण पासबुक उघडलं की मालकाच्या रकान्यात ३६७ रुपये दिसतात, आणि बाकीचे मालकाने खाल्ले असं कामगाराला वाटतं. खरं तर उरलेले ८३३ शेजारच्या रकान्यात, पेन्शनच्या नावावर जमा असतात. विडी उद्योगात कपातीचा दर १२ ऐवजी १० टक्के असल्यामुळे हा फरक आणखी डोळ्यांत भरतो. महिन्याला ४,००० मजुरी मिळवणाऱ्या बाईचे ४०० कापले जातात. मालकाच्या ४०० पैकी ३३३ पेन्शनला जातात आणि तिच्या फंडात येतात फक्त ६७.

कपात सक्तीची आहे, ऑफिस एकच आहे, यूएएन नंबर (कामगाराचा कायमचा खाते क्रमांक) तोही एकच. त्यामुळे ही दोन्ही खाती म्हणजे एकच गोष्ट असं बहुतेकजण धरून चालतात. सगळ्यात मोठं नुकसान या समजुतीमुळेच होतं.

फंड १९५२ च्या कायद्यातून आला. त्यातला पैसा तुमच्या नावावर असतो आणि त्यावर दरवर्षी व्याज चढतं. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं. आजारपण, लग्न, घर अशा कारणांसाठी त्यातून उचलता येतं आणि शेवटी जे उरेल ते हातात येतं. पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ची, त्याआधी १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना होती. पेन्शनचा पैसा सगळ्यांच्या सामाईक निधीत जातो. तुमच्या नावावर त्याचं व्याज दिसत नाही, कारण तिथे तुमच्या रुपयांचा हिशोबच नसतो. हिशोब असतो वर्षांचा: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. किमान १० वर्षं भरली तर वयाच्या ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते. साडेनऊ वर्षं झाली तरी ती १० धरतात. वीस किंवा जास्त वर्षं झालेल्याला वर आणखी दोन वर्षं मिळतात. पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण ५८ च्या अलीकडच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कमी होते.

म्हणजे फंडात पैसे साठतात आणि पेन्शनमध्ये वर्षं साठतात. फंडातले पैसे काढले तर पुढच्या महिन्यापासून पुन्हा साठू लागतात. पेन्शनचे पैसे काढले की मागची सगळी वर्षं पुसली जातात आणि मोजणी शून्यापासून सुरू होते.

यंत्रमागावर एका शेडची उचल फेडून दुसऱ्या शेडला जाणं नेहमीचंच. मधल्या काळात हातात पैसा नसतो, म्हणून माणूस फंड काढायला जातो. फॉर्म भरून देणारा त्याच्यासमोर दोन फॉर्म ठेवतो: १९ नंबर फंडाचा आणि १०-सी पेन्शनचा. दोन्हीवर सही होते. १०-सी मधून मिळणारी रक्कम बहुधा किरकोळच असते. शेवटचा पगार आणि झालेली नोकरी यांवरून ठरलेल्या तक्त्यातून ती काढतात. २०१५ साली कामाला लागलेला माणूस २४ वर्षांत चार शेडवर सहा-सहा वर्षं काम करतो आणि शेड सोडताना दर वेळी १०-सी भरतो असं समजा. शेवटच्या शेडची त्याची सहाच वर्षं उरतात, दहाची अट पुरी होत नाही आणि पेन्शन मिळत नाही. त्यानेच वर्षं जपली असती, तर आजच्या १०,००० पगारावर हिशोब केला तरी २४ अधिक २ वर्षांची महिना सुमारे ३,७१४ रुपये पेन्शन बसली असती, तीही जन्मभर.

फंड काढू नका असं मी कुणाला सांगणार नाही. घरात अडचण असेल तर तो काढावाच लागतो आणि तो पैसा त्यासाठीच आहे. पण १९ नंबर भरताना १०-सी मध्ये पैसे न मागता योजना प्रमाणपत्र मागता येतं. त्यावर तुमची वर्षं लिहिलेली राहतात आणि पुढच्या नोकरीत ती जोडली जातात. खातं नव्या मालकाकडे वर्ग करून घेतलं तरी वर्षं टिकतात. फॉर्म भरून देणारे ही गोष्ट सांगत नाहीत याची मला खरंच चीड येते, कारण सांगायला दोन मिनिटं पुरतात.

विडी कामगार बायकांची अडचण वेगळी आहे. विडी उद्योग १९७७ साली या कायद्याखाली आला. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाया आमच्या कामगारच नाहीत, असा कारखानदारांचा दावा होता. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरकुलात किंवा शहराच्या पूर्व भागातल्या घरात बसून वळणाऱ्या बाईला फंड आणि पेन्शनचा हक्क आहे तो यामुळे. पण पेन्शनचं सूत्र पगारदार माणूस समोर ठेवून केलेलं आहे. त्याचा पगार वयाबरोबर वाढतो, म्हणून शेवटची पाच वर्षं त्याच्या फायद्याची. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. पन्नाशीनंतर डोळे आणि बोटं थकतात, विड्या कमी होतात आणि नेमक्या त्याच पाच वर्षांची सरासरी धरली जाते. तीस वर्षं वळलेल्या बाईची सरासरी ४,००० असेल तर ३० अधिक २ वर्षांची पेन्शन सुमारे १,८२९ बसते. ती ३,००० वर आली तर १,३७१. फंडाचं तसं नाही. तरुणपणी जास्त वळून टाकलेले पैसे आणि त्यांचं व्याज म्हातारपणी कमी होत नाहीत.

यातली एक पळवाट कामगाराच्या बाजूची आहे, पण फार थोड्यांना माहीत असते. त्या ६० महिन्यांत काही दिवस काम मिळालं नसेल, तर एकूण मजुरीला मजुरी मिळालेल्या दिवसांनी भागून ३० ने गुणायचं असा नियम आहे. महिन्यात १५ दिवस विड्या वळायला पान-तंबाखू मिळाला आणि ३,००० मजुरी झाली, तर हिशोब ६,००० वर होतो. बिनकामाचे दिवस सेवेतून वजा होतात हे खरं, तरी असे दिवस शेवटच्या वर्षांतच जास्त असतील तर यात फायदाच आहे. मात्र मालकाने भरणा करताना ते दिवस दाखवायला हवेत. रिकामे दिवस शून्य लिहिले, तर तीच बाई ३,००० वर अडकते.

किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० आहे. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. ७,५०० च्या मागणीसाठी पेन्शनर वर्षानुवर्षं आंदोलनं करत आहेत आणि ती मागणी मला रास्त वाटते. आयुष्यभर सक्तीने कापून घेतल्यावर हजार रुपये हातावर ठेवणं हा अन्याय आहे.

तरीही पेन्शनचा रकाना हलका धरू नये, याचं सगळ्यात मोठं कारण घरचे लोक. कामावर असताना मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली, तरी मागे राहिलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला पेन्शन लागू होते. पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांना त्याच्या चौथाई हिशोबाने प्रत्येकी वेगळी मिळते. फंड वारसनोंदीत ज्याचं नाव असेल त्याला जातो. पेन्शन मात्र नियमानेच जोडीदाराला आणि मुलांना जाते.

यात नावं जुळावी लागतात आणि सोलापुरात गाडं तिथेच अडतं. कारखान्याच्या कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. तेलुगू आडनाव एकीकडे एका तऱ्हेने, दुसरीकडे दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं. जन्मतारीख कधीतरी अंदाजाने घातलेली. जुन्या खात्यांच्या दुरुस्तीसाठी बहुधा कामगार आणि मालक दोघांच्या संयुक्त घोषणेचा अर्ज लागतो. कारखाना चालू आहे आणि सही करणारा मुनीम जागेवर आहे तोवर हे काम सोपं असतं. म्हणून पासबुक हातात आलं की तीन रकान्यांच्या आधी नाव, जन्मतारीख आणि रुजू झाल्याची तारीख तपासा, आणि चूक दिसली तर अर्ज त्याच महिन्यात द्या.