श्रवण कॉर्टेक्स आणि सलग बोलणं

श्रवण कॉर्टेक्स म्हणजे मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या जरा वर, टेम्पोरल लोबच्या (कानशिलामागचा मेंदूचा भाग) वरच्या कडेला असलेला आवाजाचा भाग. त्यातला मुख्य पट्टा, हेशल गायरस (गायरस म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरची उंच वळी), घडीच्या आत लपलेला असतो त्यामुळे वरून दिसत नाही. कानातल्या कॉक्लियात, म्हणजे आतल्या शंखासारख्या नळीत, आवाजाच्या फ्रिक्वेन्सी सुट्या होतात, तिथून ब्रेनस्टेम, थॅलॅमस करत सिग्नल इथे येतो आणि खालचे सूर एकीकडे, वरचे दुसरीकडे ही मांडणी इथेही टिकते. हे झालं कुठल्याही आवाजाचं, खरी भानगड बोलण्याची आहे.

कारण बोलताना आपण शब्दाशब्दाला थांबतच नाही. 'मी आलोय उद्या येईन' हे फोनवर रेकॉर्ड करून त्याची वेव्ह बघा, 'मी' कुठे संपला आणि 'आलोय' कुठे सुरू झालं ते बोट ठेवून दाखवता येणार नाही, आणि 'पत्ता' म्हणालात तर 'त्त'ला जीभ हवा अडवते म्हणून शब्दाच्या ऐन मध्ये रिकामी जागा दिसते. म्हणजे शांतता बघून शब्द तोडायचे म्हटलं तर पहिल्याच वाक्यात सगळा गोंधळ!

मग कॉर्टेक्स काय पकडतं, तर आवाजाच्या जोराचा चढउतार. बोलण्यात साधारण सेकंदाला 4-5 अक्षरं येतात आणि कॉर्टेक्समधल्या 4 ते 8 हर्ट्झच्या लहरी त्या चालीशी जुळतात (लहरी खरंच जुळतात की दर चढाला नुसता नवा प्रतिसाद उठतो यावर अजून भांडण चालूय). हेशलच्या शेजारचा सुपीरियर टेम्पोरल गायरस तर आवाज झपकन वाढतो त्या क्षणाला, म्हणजे बहुतेकदा स्वर सुरू होतो तिथे, जोरात उठतो. 2014 मध्ये कॅलिफोर्नियात एपिलेप्सीच्या पेशंटच्या मेंदूवर ठेवलेल्या इलेक्ट्रोडमधून दिसलं की इथले ठिपके एकेका वर्णाला नाही तर गटाला प्रतिसाद देतात, स्पर्श (क, त, प सारखे) वेगळे, अनुनासिक वेगळे, स-श वेगळे. आपल्या वर्णमालेचे गट आठवले ना, मलाही तेच आठवले.

बाकीचं काम भाषेच्या सवयीचं. 1996 च्या प्रयोगात 8 महिन्यांची बाळं फक्त 2 मिनिटं सलग बडबड ऐकून कुठली अक्षरं जोडीने येतात ते ओळखायला लागली होती. उलटंही होतं, इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतला त-टचा फरक 6-8 महिन्यांना कळतो आणि वर्षाच्या आत बराचसा जातो. एखादा आवाज खोकल्याने पूर्ण झाकला तरी तो ऐकल्यासारखाच वाटतो, हे 1970 च्या प्रयोगातलं.

आता संध्याकाळची दादरची गर्दी घ्या, मागे दोघं क्रिकेटवर, बाजूला कोणीतरी फोनवर, वर अनाउन्समेंट, आणि तरी मैत्रिणीचं बोलणं कळतं. 2012 मध्ये दोन आवाज एकत्र ऐकवून सुपीरियर टेम्पोरल गायरसच्या सिग्नलमधून आवाज परत उभा केला तर लक्ष दिलेल्या माणसाचंच बोलणं निघालं, दुसऱ्याचं जवळपास गायब. हेशलमध्ये मात्र दोन्ही आवाज शिल्लक असतात, निवड पुढे होते.

वांद्रे रिक्लेमेशनला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, श्रवणदोष असलेल्यांसाठी, तिथे या गोष्टी रोजच्या कामाच्या. कॉक्लियर इम्प्लांटमधून (ऑपरेशन करून कानात बसवलेलं, नसेला थेट सिग्नल देणारं यंत्र) फ्रिक्वेन्सीचा बारकावा फार थोडा जातो पण चढउतार बराचसा जातो, म्हणून शांत खोलीत कित्येकांना बोलणं नीट कळतं आणि तेच बोलणं स्टेशनच्या पुलावर हातातून निसटतं.