साखर नॉर्मल, पण इन्सुलिनचं काय?

उपाशीपोटीची साखर ९५ आली की आपण निर्धास्त होतो आणि रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळ चापायला मोकळे. ती ९५ वर ठेवताना स्वादुपिंडाला किती इन्सुलिन ओतावं लागलं, हे नेहमीच्या तपासणीत कळत नाही. साखर चढण्याआधी कित्येक वर्षं इन्सुलिन चढलेलं असू शकतं.

त्याची झळ मायटोकाँड्रियाला, म्हणजे शाळेत शिकलेल्या तंतुकणिकांना लागते. साखर आणि चरबी जाळून पेशीला ऊर्जा पुरवणं हे त्यांचं काम. इन्सुलिन वाढलं की चरबीपेशी चरबी सोडत नाहीत. शिवाय पेशीत मॅलोनिल-कोए नावाचा रेणू वाढतो आणि तो चरबीला मायटोकाँड्रियाच्या दारातच अडवतो. जुने, निकामी मायटोकाँड्रिया मोडीत काढण्याची पेशीची साफसफाईही मंदावते. सकाळी चहा-बिस्किट, चारला चिवडा, सातपूर-अंबडची शिफ्ट संपवून रात्री अकराला जेवण; अशा दिवसात इन्सुलिनला उतरायला सवडच मिळत नाही. उपासाचंही तेच. एकादशी दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च.

येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये मधुमेही आईवडिलांची सडपातळ, धडधाकट तरुण मुलं तपासली. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या या मुलांच्या स्नायूंत मायटोकाँड्रियाची ऊर्जानिर्मिती सुमारे ३० टक्के कमी भरली, तर स्नायूपेशींतली चरबी सुमारे ८० टक्के जास्त. आधी मायटोकाँड्रिया बिघडतात की इन्सुलिनचा प्रतिरोध येतो, यावर अजून वाद आहे. मला तरी हे दुष्टचक्र वाटतं. कुठूनही सुरू झालं तरी दोन्ही एकमेकांना खाली ओढतात.

ते तोडायचा सोपा मार्ग पायांत आहे. स्नायू आकुंचन पावले की ग्लुट-४ ही साखरेची वाहक प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात, तीही इन्सुलिनची वाट न बघता. म्हणजे मिसळ-पाव-जिलेबीनंतर सोफ्यावर आडवं न होता गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटं चाललं, तर तेवढंच इन्सुलिन कमी लागतं. नेटाने व्यायाम केला तर मायटोकाँड्रियाही वाढतात: १९६७ मध्ये जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे पळवलं, तेव्हा त्यांच्या स्नायूंची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता साधारण दुप्पट झाली.

इन्सुलिनची इंजेक्शनं किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मात्र जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा; उपाशीपोटी साखर एकदम घसरू शकते.