‘खात्यात पैसे पडले’: थेट हस्तांतरण वेगळं, थेट रोख मदत वेगळी

पुण्यात घरकामाला येणाऱ्या मावशी असोत की भोर-वेल्ह्याकडचा भातशेती करणारा शेतकरी, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: “खात्यात पैसे पडले.” कशाचे, हे विचारलं की उत्तरं वेगवेगळी येतात. कुणाची रोजगार हमीची मजुरी असते, कुणाचं गॅसचं अनुदान. मुलीची शिष्यवृत्ती, निराधारचे पैसे, लाडकी बहीणचा हप्ता, सगळं एकाच पासबुकात. शहरातली माणसं मात्र या सगळ्याला सरसकट ‘फुकटचे पैसे’ म्हणून मोकळी होतात. मला ते मनापासून लागतं, कारण यातले कितीतरी पैसे मदत नसतातच.

थेट लाभ हस्तांतरण ही पैसे पोचवायची पद्धत आहे. केंद्र सरकारने ती १ जानेवारी २०१३ पासून सुरू केली. मधली माणसं वगळून रक्कम आधार जोडलेल्या खात्यात टाकायची, एवढाच तिचा अर्थ. थेट रोख मदत म्हणजे ती रक्कम स्वतः: गरजू घराला दिलेले, कशावर खर्च करायचे ते त्या घराने ठरवायचे पैसे. पूर्वी गावात मनिऑर्डर यायची. ती घेऊन येणारा पोस्टमन वेगळा आणि मुंबईतून ती पाठवणारा मुलगा वेगळा, हे आजीला कधी समजावून सांगावं लागलं नाही. आज आपण नेमकी तीच गल्लत करतो आहोत.

मजुरीचंच बघा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांमधून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली आणि पुढे देशाने तिच्यावरून धडा घेतला. या कामाचे पैसे खात्यात येतात, पण ते घामाचे आहेत. त्यांना मदत म्हणणं हा मजुराचा अपमान आहे.

अनुदानाची गोष्ट आणखी अवघड, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. उज्ज्वलाच्या लाभार्थीला ऑक्टोबर २०२३ पासून सिलिंडरमागे ३०० रुपये मिळू लागले. पण आधी सिलिंडरची पूर्ण किंमत हातात असावी लागते, अनुदान मागाहून येतं. ज्या बाईकडे महिन्याच्या शेवटी तेवढे रोख पैसेच नाहीत, ती सिलिंडर भरत नाही, चूल पेटवते, आणि तिच्या वाट्याचं अनुदान येतच नाही. ठिबक सिंचनाच्या अनुदानाचंही तसंच. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज, मग पूर्वसंमती, मग स्वतःच्या खिशातून खरेदी, बिल चढवायचं, मोका तपासणी म्हणजे शेतावर येऊन पाहणी, आणि त्यानंतर खात्यात पैसे. बागायतदाराला हे झेपतं. दीड एकर कोरडवाहूवाला त्यासाठी उसनवारी करतो किंवा अर्जच करत नाही. म्हणजे पैसा थेट खात्यात येतो, पण तो मिळवायला आधी पैसा लागतो. गरिबाच्या दृष्टीने अनुदान आणि रोख मदत यांमधला सगळ्यात मोठा फरक मला हाच वाटतो.

रोख मदतीला आधी खर्च करावा लागत नाही. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. संजय गांधी निराधारचे सर्वसाधारणपणे दरमहा १,५००. लाडकी बहीणचेही १,५००. त्या वाटपाचा राज्यस्तरीय कार्यक्रम १७ ऑगस्ट २०२४ ला आपल्या बालेवाडीतच झाला. पात्रतेच्या अटी इथेही आहेतच: वय, उत्पन्न, जमीन. पण एकदा पैसे आले की बिल दाखवा असं कुणी म्हणत नाही.

मग लोक विचारतात, बिल नाही तर पैसे दारूत जाणार नाहीत का? ही शंका जगभर तपासून झाली आहे. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढत नसल्याचं दिसलं. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने आठ गावांत प्रयोग केला. प्रत्येक प्रौढाला महिन्याला २०० आणि मुलामागे १०० रुपये, पुढे ३०० आणि १५०. अट कसलीच नाही. लोकांनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या, बियाणं-खत घेतलं, खाणं सुधारलं, काहींनी रोजंदारी कमी करून स्वतःच्या रानात जास्त वेळ दिला. आळशी झाले नाहीत.

केनियातल्या सियाया भागात तर १०,५०० हून अधिक गरीब कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर दिले गेले. दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे तिथल्या अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची भर पडली. ज्या शेजाऱ्यांना काहीच मिळालं नव्हतं त्यांचंही उत्पन्न वाढलं, आणि महागाई जेमतेम हलली. तिकडे रोख मदत मोबाइलवर जाते, आधार नाही की पासबुक नाही. वाट निराळी असूनही मदत ती मदतच राहते.

आपल्याकडे याचा अर्थ लावायचा तर मी आषाढ-श्रावणाकडे बघते. सह्याद्रीच्या कुशीतल्या कातकरी घरांत हे महिने उपासाचे. लावणी संपली की काम नाही, धान्य संपत आलेलं. अशा वेळी वीटभट्टीचा मालक ‘उचल’ म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम देतो. तीही रोखच असते, हातात पडते, कागद मागत नाही. पण दिवाळीनंतर अख्खं कुटुंब ती फेडायला भट्टीवर जातं, आणि मुलांची शाळा तिथेच सुटते. दर महिन्याला ठरल्या तारखेला आलेले १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५०, हे घर श्रीमंत करणार नाहीत. उचल पाच हजारांनी कमी घेता आली तरी भट्टीवरचे काही आठवडे वाचतात. म्हणून हप्ता तीन महिने रखडून एकदम आला तर रक्कम तीच असली तरी मदत तेवढी राहत नाही. उचल तोवर घेऊन झालेली असते. आणि पीएम-किसान इथे उपयोगाची नाही, कारण ती सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांसाठी आहे. भूमिहीन त्यातून बाहेरच.

पैसे आले नाहीत, तर या फरकाला फार व्यावहारिक महत्त्व येतं. यादीतून नाव गेलं असेल तर मदत थांबली आहे; दाद योजना चालवणाऱ्या कार्यालयात मागायची, निराधारसाठी तहसीलला. नाव यादीत आहे, रक्कम ‘जमा’ दाखवते, पण पासबुकात नाही, तर वाट चुकली आहे. आधारवर पाठवलेली रक्कम ज्या खात्याला सगळ्यात अलीकडे आधार जोडलं त्या खात्यात जाते, आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही.

भोरकडच्या माझ्या आत्या निराधारच्या पैशांसाठी चार वेळा एसटीने तहसीलला जाऊन आल्या. दर वेळी उत्तर एकच: तुमचे पैसे गेलेत. शेवटी मी त्यांना घेऊन बँकेत गेले आणि आधार कुठल्या खात्याला जोडलंय तेवढंच विचारलं. बचत गटाच्या वेळी कुणीतरी अंगठा घेऊन उघडून दिलेलं एक खातं निघालं. सात महिन्यांचे पैसे त्यात पडून होते.