गिधाडांनंतर मासे

भंडाऱ्याच्या बाजारात मासळी घेणारा आधी कल्ला उचलून बघतो. लालभडक दिसला तर भाव विचारतो, नाहीतर पुढच्या पाटीकडे वळतो. ताजं-शिळं ओळखायला एवढं पुरतं. मासा पाण्यात असताना काय सोसत होता, ते मात्र कल्ल्यावरून कळत नाही.

औषधाने रानातला जीव जातो, हे आपल्याला शिकवलं गिधाडांनी. गुरांना सुजेवर दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या ढोराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी झाली. हे कारण २००४ मध्ये पुढे आलं, २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात बंदी आली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तोवर जवळपास संपलीच होती. त्याच २००४ साली जर्मनीत ट्राउट मासे हेच औषध मिसळलेल्या पाण्यात २८ दिवस ठेवले होते. लिटरमागे अवघ्या ५ मायक्रोग्रॅमला त्यांची मूत्रपिंडं आणि कल्ले बिघडले. त्याची ओरड झाली नाही. आभाळ रिकामं झालं की दिसतं, पाणी वरून तसंच राहतं.

खरं तर माशांची गोष्ट याहून जुनी. इंग्लंडमध्ये मैलापाणी जिथे नदीत सुटतं, त्याच्या खाली राहणाऱ्या रोच जातीच्या नरांच्या वृषणात अंडी सापडू लागली. शोध घेता घेता संशय आला तो माणसाच्या लघवीतून येणाऱ्या स्त्री-संप्रेरकांवर. त्यात गर्भनिरोधक गोळीतलंही होतं. मग कॅनडात एका अख्ख्या तलावावर प्रयोग झाला. २००१ पासून सलग तीन उन्हाळे गोळीतलं संप्रेरक त्यात सोडलं, लिटरमागे ५-६ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग! तेवढ्याने फॅटहेड मिनो हे छोटे मासे तलावातून जवळजवळ नाहीसे झाले. मेलेले मासे तरंगले नाहीत, पिल्लंच धरेनात. औषध आणि विष यांतला हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आपल्या बाजूचं उदाहरण हैदराबादजवळच्या पटानचेरूचं. तिथल्या औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात २००७ मध्ये लिटरमागे तब्बल ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे जंतू मारणारं औषध असल्याचं प्रसिद्ध झालं. रोग्याच्या रक्तातही ते इतकं नसतं.

विदर्भात औषध पाण्यात उतरायला कारखानाच हवा असं नाही. रोवणीत कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच येते; माणसांसाठी ती बंद नाही. घेतलेल्या औषधाचा काही भाग शरीरातून बाहेर पडतो. खेड्यात तो बहुतेक मातीत मुरतो, शहरात गटारात जातो. मैलापाणी शुद्धीकरण केंद्र घाण खाणाऱ्या जिवाणूंवर चालतं; डायक्लोफेनॅकसारखी औषधं त्यातून बरीचशी तशीच पुढे जातात. आणि नागपूरचं काही मैलापाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही. ते नाग नदीने कन्हानला, कन्हानने आंभोऱ्याला वैनगंगेत. तिथून खाली गोसेखुर्द धरणाचा फुगवटा, आणि त्या फुगवट्यात ढिवरांची जाळी.