औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारातील मेंदूचे प्रतिमाचित्रण

योग्य निवडलेली, पुरेशा मात्रेत घेतलेली आणि रुग्णाला मानवलेली दोन औषधे देऊनही झटके थांबले नाहीत, तर त्याला औषध-प्रतिरोधी अपस्मार (वारंवार फिट येण्याचा, औषधांना न जुमानणारा आजार) म्हणतात. ही व्याख्या आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१० मध्ये केली. अपस्माराच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांवर ही वेळ येते. तिसरे-चौथे औषध लागू पडण्याची आशा बेताचीच असते. म्हणून फिट मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागातून उठते आणि तो भाग काढता येईल का, याचा शोध घ्यावा लागतो.

शोधाची सुरुवात एमआरआयने होते, पण तो अपस्मारासाठी मुद्दाम आखलेला हवा. नेहमीच्या तपासणीत सुमारे पाच मिलिमीटर जाडीचे छेद घेतात. त्यांत लहान दोष सहज निसटतो आणि ‘नॉर्मल’ असा शेरा पडतो. अपस्मारासाठी एक मिलिमीटरचे सलग छेद घेतात, शिवाय हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात काही छेद घेतात. कानशिलाच्या आत खोलवर असलेला हा भाग आक्रसलेला आणि फ्लेअर या खास प्रकारच्या एमआरआय प्रतिमेत उजळ दिसला, तर त्याला हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस म्हणतात. मोठ्या माणसांतील शस्त्रक्रियांमागचे हे सर्वांत नेहमीचे कारण. मुलांमध्ये बहुधा मेंदूच्या बाह्यकाची, म्हणजे बाहेरच्या थराची, जन्मजात सदोष घडण सापडते. तेथे करडा व पांढरा भाग यांची सीमा पुसट झालेली असते. कधी एवढीच खूण मिळते. मेंदूतील विद्युत लहरी नोंदवणाऱ्या ईईजीने बाजू दाखवल्यावर तीच फिल्म पुन्हा पाहिली की आधी न दिसलेला दोष दिसतो, हा अनुभव विरळा नाही.

उलट दिसलेला प्रत्येक डाग दोषी नसतो. भारतात पट्टकृमीच्या अळीमुळे झालेली, पुढे कॅल्शियम साचून कडक झालेली गाठ अनेकांच्या मेंदूत आढळते. फिट तिच्यातून येते की शेजारच्या हिप्पोकॅम्पसमधून, हे प्रतिमा एकटी सांगू शकत नाही. त्यासाठी झटक्याचे चित्रण आणि ईईजी एकाच वेळी करणारा व्हिडिओ-ईईजी आणि घरच्यांनी केलेले झटक्याचे वर्णन लागते. आधी पोटातून काही वर चढल्यासारखे वाटले का, कोणता हात वाकडा झाला, हे तपशील एखाद्या महागड्या स्कॅनइतकेच मोलाचे असतात.

एमआरआय निरुत्तर असेल तर पेट स्कॅन करतात. दोन झटक्यांच्या मधल्या काळात विकृत भाग ग्लुकोज कमी वापरतो आणि तो फिका दिसतो. रक्तप्रवाह दाखवणाऱ्या स्पेक्ट स्कॅनची रीत निराळी. औषधे कमी करून रुग्णाला कॅमेऱ्यासमोर ठेवतात. किरणोत्सारी द्रव्य भरलेली सिरिंज शिरेतल्या नळीला जोडून परिचारिका शेजारी थांबते आणि फिट सुरू होताच काही सेकंदांत ते टोचते. द्रव्य त्या क्षणीच्या रक्तप्रवाहानुसार मेंदूत बसते, त्यामुळे स्कॅन नंतर, झटका ओसरल्यावर केला तरी चालतो. टोचायला उशीर झाला तर मात्र झटका जेथे पसरला तो भाग उजळतो आणि शोध भलतीकडे जातो.

काय काढायचे याइतकेच काय राखायचे हेही महत्त्वाचे. भाषेचे केंद्र कोणत्या बाजूला आहे ते, काम करताना मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो हे दाखवणाऱ्या फंक्शनल एमआरआयने पाहतात. पूर्वी त्यासाठी मेंदूचा एक अर्धगोल औषधाने काही मिनिटे बधिर करावा लागे. ट्रॅक्टोग्राफीने, म्हणजे तंतूंचे मार्ग दाखवणाऱ्या एमआरआयने, दृष्टितंतूंची वाट आखतात. कानशिलाच्या आतल्या टेम्पोरल खंडातून जाणारे हे तंतू दुखावले, तर विरुद्ध बाजूच्या वरच्या कोपऱ्यातले दिसेनासे होते.

कॅनडातील २००१ च्या चाचणीत टेम्पोरल अपस्माराच्या ८० रुग्णांपैकी शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. केवळ औषधांवरच्या गटातले ८ टक्के. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर झटक्यांपासून मुक्त असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ७७ आणि ७ टक्के होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत अशा शस्त्रक्रिया १९९५ पासून होतात. मुंबईतही ही सोय आहे. तरीही बरेच रुग्ण तेथे पोहोचतात ते औषधे बदलण्यात कित्येक वर्षे गेल्यावर.

सगळ्या तपासण्यांचे बोट एकाच जागी गेले नाही, तर कवटीला बारीक छिद्रे पाडून खोलवर विद्युत लहरी टिपणारे इलेक्ट्रोड बसवतात. ते कोठे बसवायचे हेही आधीच्या प्रतिमांवरूनच ठरते. झटके अनेक ठिकाणांहून उठत असतील तर कापून टाकण्यासारखा भाग उरत नाही. अशा वेळी मानेतील व्हेगस चेतातंतूला उत्तेजन देणारे यंत्र किंवा किटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय) आहार यांचा विचार होतो.