ज्येष्ठ ग्राहकांसाठी : आधी डोळ्यांचा कागद, मग कॉम्प्युटरचं सेटिंग

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या दुकानातून आम्ही व्यापारी पेढ्यांना आणि पतसंस्थांना हिशेबाचं सॉफ्टवेअर देतो. ज्यांनी ते सुरुवातीला घेतलं, त्यातले बरेच जण आता सत्तरीपुढं गेलेत. खाती अजून तोंडपाठ आहेत, पण पडदा दिसत नाही म्हणून कॉम्प्युटर नातवाच्या ताब्यात गेलाय. “अक्षरं तेवढी मोठी करून द्या,” म्हणत लोक येतात. पूर्वी आम्हीही तेवढंच करून द्यायचो.

गूळ मार्केटातल्या एका आप्पांनी आमची चूक दाखवली. अक्षरं दुप्पट करून, चहा पिऊन आम्ही परत आलो. चार दिवसांनी फोन आला, “अरे, बिल निम्मंच दिसतंय. रकमेचं शेवटचं शून्य कुठं गेलं बघ जरा.” जाऊन बघितलं तर आप्पा मान डावी-उजवीकडं फिरवत एकेक आकडा हुडकत होते. त्यांना काचबिंदू होता. त्यात सहसा बाजूची नजर आधी जाते, मधली टिकते. नळीतून बघावं तसं दिसतं. अक्षर जेवढं मोठं, तेवढं नळीत कमी मावणार. आम्ही अक्षरं परत लहान पण ठळक केली, खुर्ची वीतभर मागं सरकवली आणि माऊसचा बाण जाड पिवळा केला. शून्य सापडलं.

तेव्हापासून आम्ही आधी विचारतो, डॉक्टरांनी नेमकं काय सांगितलंय?

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, मधला भाग झिजला असेल, तर उलटा प्रकार. कडेचं दिसतं, पण ज्यावर नजर रोखावी तेच पुसट होतं. इथं मोठी अक्षरं कामाला येतात, सोबत आवाजाची जोड लागते. साखरेमुळं, म्हणजे मधुमेहानं, हाच डोळ्याचा पडदा बिघडला असेल तर नजर रोज सारखी नसते, म्हणून अक्षरं चटकन लहान-मोठी करता आली पाहिजेत. मोतीबिंदूत डोळ्यातलं नैसर्गिक भिंग धुरकट होतं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं बरी वाटतात. पण डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत असतील तर आधी ते करून घ्या. आमचं सेटिंग नंतर, कदाचित लागणारही नाही.

घरी करून बघण्यासारखं

विंडोजची कळ दाबून धरून अधिकची कळ दाबा, पडदा मोठा करून दाखवणारं भिंग उघडतं. विंडोज आणि वजाच्या कळीनं मोठेपणा कमी होतो, विंडोज आणि एस्केपनं भिंग बंद होतं. हे भिंग एका दाबात शंभर टक्क्यांची उडी मारतं, त्यानं गरगरल्यासारखं होतं. आम्ही ती उडी पंचवीसवर आणून देतो. नुसती अक्षरं वाढवायची असतील तर विंडोज ११ च्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत टेक्स्ट साइज आहे, २२५ टक्क्यांपर्यंत जातं. वेबसाइट बघताना कंट्रोल आणि अधिक. पूर्ववत करायला कंट्रोल आणि शून्य.

एक मात्र करू नका, आणि कुणाला करूही देऊ नका : अक्षरं मोठी दिसावीत म्हणून पडद्याचं रिझोल्यूशन, म्हणजे चित्र बनवणाऱ्या बारीक ठिपक्यांची संख्या, उतरवणं. अक्षरं मोठी होतात खरी, पण कडा भुरकटतात. अधू नजरेला नेमकी कडच लागते.

की-बोर्डवर एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो, आकड्यांच्या भागात पाचवर. बोटांनी चाचपून बघा. एंटर आणि एस्केपवर आम्ही एम-सीलचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका लावून देतो. याचे पैसे घेत नाही.

वाचून दाखवणारा कॉम्प्युटर

विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की विंडोजचा नॅरेटर बोलायला लागतो. तेच पुन्हा दाबलं की गप्प. त्याहून आम्ही एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बसवणं पसंत करतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे काम आजही फुकट मिळतं. त्यातला मराठी आवाज जरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, आठवडाभरात कान सरावतो. मध्येच थांबवायचं असेल तर कंट्रोलची कळ दाबायची. नुसती बातमी ऐकायची असेल तर एज ब्राउझरचा मराठी आवाज जास्त गोड आहे, पण त्याला इंटरनेट लागतं.

दुकानात गिऱ्हाईक असताना इअरफोन लावा. नाहीतर तुमची शिल्लक सगळ्या गल्लीला कळायची.

जुन्या मराठी फाइलींचं वेगळं दुखणं आहे. श्री-लिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला ठराव डोळ्यांना मराठी दिसतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. वाचायला लावलं की तो बरळतो. तुमचा कॉम्प्युटर बिघडलेला नाही. फाइल युनिकोडमध्ये बदलावी लागते. बदलल्यावर जोडाक्षरं एकदा मूळ कागदाशी ताडून बघा, रफार हमखास हलतो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये

येणं हिरवं, देणं लाल एवढ्यावर आता भागवत नाही. शेजारी “जमा” आणि “नावे” असा शब्द येतो. माऊसला हात न लावता पूर्ण बिल करता येतं. सेव्ह करण्याआधी रक्कम अक्षरी लिहून येते आणि वाचूनही दाखवली जाते. नव्या आवृत्तीत बटणांच्या जागा हलवायच्या नाहीत, हे आम्ही ठरवून टाकलंय. निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा, विंडोजच्या आधीच्या डॉसचा जुना थाट ज्यांना हवा, त्यांना तोही मिळेल. मागणी बरीच आहे!

बँकेच्या ॲपमध्ये मात्र आम्ही हात घालू शकत नाही. कॅमेऱ्यासमोर पापणी मिचकावा म्हणणाऱ्या केवायसीत दृष्टिहीन माणूस अडकतो. अशाच अडचणींवर सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला आणि डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तेव्हा “आता वय झालं” म्हणून गप्प बसू नका, शाखेत लेखी तक्रार द्या. अर्ज टाइप करून हवा असेल तर दुकानात या.

येताना डोळ्यांच्या डॉक्टरांचा अलीकडचा कागद आणि कॉम्प्युटरवर बसताना लावता तोच चष्मा आणा. घरी बोलवायचं असेल तर संध्याकाळी नको, दिवसा बोलवा. खिडकीचा उजेड पडद्यावर कुठून येतो ते बघावं लागतं. आणि नातवाला शाळा-कॉलेजला जाऊ दे. सेटिंग करताना खुर्चीवर तुम्हीच बसायचं आहे.