हॉस्पिटलच्या सपोर्ट स्टाफचं सहकाऱ्यांनी केलेलं कौतुक

हॉस्पिटलात जे डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत पण ज्यांच्याशिवाय वॉर्ड अर्धा दिवससुद्धा चालणार नाही, म्हणजे वॉर्डबॉय, मावश्या, सफाई कामगार, ओटीतले म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले मामा, सीएसएसडीत इन्स्ट्रुमेंट्स निर्जंतुक करणारे, लाँड्री आणि किचनमधले, लिफ्टमन, सिक्युरिटी, अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, या लोकांच्या चांगल्या कामाची दखल त्यांच्याच सोबत काम करणाऱ्यांनी घ्यायची, नावानिशी लिहून द्यायची आणि ती त्या माणसापर्यंत पोचवायची, याला सहकारी-कौतुक किंवा पिअर अ‍ॅप्रिसिएशन म्हणतात. 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' पेक्षा हे वेगळं आहे, कारण तिथे नाव साहेब ठरवतात आणि इथे ज्याने ते काम डोळ्याने बघितलं तो लिहितो.

आता सहकाऱ्यांनीच का, पेशंटने किंवा मेट्रनने का नाही, तर या लोकांचं बरंचसं काम पेशंटला दिसतच नाही. सीएसएसडीत ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, बाहेर आलेला इन्स्ट्रुमेंट्सचा सेट ओलसर लागला म्हणून तो ओटीला न पाठवता परत लावला, हे ज्याचं ऑपरेशन झालं त्याला कधीच कळणार नाही. सीटी स्कॅनला पेशंट न्यायच्या आधी ट्रॉलीवरच्या ऑक्सिजन सिलेंडरचा काटा बघून वॉर्डबॉयने सिलेंडर बदलून घेतला तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही हेच तर त्या कामाचं यश असतं! पिवळ्या पिशवीत सुई दिसली, जी सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात जायला हवी होती, आणि सफाईवाल्या मावशींनी गुपचूप न उचलता सिस्टरला बोलावून दाखवली, त्यामुळे पुढे कचरा उचलणाऱ्याचा हात वाचला. बेशुद्ध पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलली म्हणून पाठीला जखम झाली नाही, पण न झालेली जखम केसपेपरवर कोण लिहिणार. हे सगळं बघणारा एकच माणूस असतो, त्याच पाळीत बाजूला उभा असलेला.

आणि उलट बाजूने बघितलं तर चूक मात्र लगेच कागदावर येते. मेमो निघतो, पगार कापला जातो, मुकादम चारचौघांत बोलतो. कित्येक मामा-मावश्यांच्या हातात अख्ख्या नोकरीत हॉस्पिटलकडून आलेला कागद म्हणजे मेमोच, दुसरा कुठला नाही. ही पद्धत मुळात या एकतर्फी नोंदीला उत्तर म्हणून महत्त्वाची आहे.

सुरुवात कुठून झाली

मनापासून आभार मानणं काही नवीन नाही, पण त्याची नीट घडी बसवलेली दोन उदाहरणं जास्त माहितीची आहेत. पहिलं अमेरिकेतलं. पॅट्रिक बार्न्स नावाचा ३३ वर्षांचा तरुण १९९९ मध्ये आयटीपी या रक्ताच्या ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा) आजाराच्या गुंतागुंतीने गेला, त्याच्या घरच्यांना नर्सेसनी केलेली सेवा विसरता येईना म्हणून त्यांनी डेझी फाउंडेशन काढलं आणि नर्सेससाठी डेझी अवॉर्ड सुरू केलं. यात पेशंट, नातेवाईक आणि सहकारी असे तिघंही नाव सुचवू शकतात, आणि बक्षीस म्हणून झिम्बाब्वेच्या शोना कारागिरांनी हाताने घडवलेली दगडी मूर्ती देतात. पण हे होतं फक्त नर्सिंगसाठी. मग अनेक हॉस्पिटलांनी बाकीच्यांसाठी बी अवॉर्ड सुरू केलं, बी म्हणजे मधमाशी, डेझीच्या फुलाला मधमाशीची जोड, आणि त्याचा लाँगफॉर्म 'बीइंग एक्सेप्शनल एव्हरी डे'. हाउसकीपिंग, ट्रान्सपोर्ट, टेक्निशियन, क्लार्क अशा लोकांची नावं यात पुढे येतात.

दुसरं उदाहरण इंग्लंडचं आणि माझ्या मते ते जास्त खोल आहे. २०१४ मध्ये बर्मिंगहॅम चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या मुलांच्या आयसीयूत एड्रियन प्लंकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लर्निंग फ्रॉम एक्सलन्स' सुरू केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, चूक झाली तर तिचा रिपोर्ट भरायला फॉर्म आहे, मग चांगलं काम बघितलं तर त्याचा रिपोर्ट का नसावा? छोटा फॉर्म, कोणी चांगलं काम केलं, काय केलं, त्यातून बाकीच्यांनी काय शिकायचं. कोणीही कोणाबद्दल भरू शकतो, पदाची अट नाही, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला त्याची प्रत मिळते. काही निवडक रिपोर्टवर नंतर बसून चर्चा होते की हे नक्की जमलं कसं, म्हणजे कौतुक नुसतं टाळ्यांवर संपत नाही, त्यातून कामाची रीत सुधारते. ब्रिटनमध्ये चुका नोंदवायचं डेटिक्स नावाचं सॉफ्टवेअर खूप ठिकाणी वापरतात, म्हणून काही हॉस्पिटलांनी कौतुकाच्या फॉर्मला ग्रेटिक्स नाव दिलं.

या सगळ्याला आधार देणारा एक अभ्यासही आहे. एमी रेझेस्निव्हस्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये छापलेल्या पेपरात हॉस्पिटलच्या सफाई कामगारांचं काम बघितलंय. एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांत काही जण म्हणायचे आमचं काम म्हणजे झाडू-पोछा, आणि काही जण स्वतःला पेशंट बरा होण्यातला भागीदार समजायचे, पेशंटशी बोलायचे, नर्सला सोपं जाईल असं काम लावून घ्यायचे. कोमातल्या पेशंटच्या खोल्यांमधली भिंतीवरची चित्रं अधूनमधून बदलून लावणाऱ्या एका कामगाराची गोष्ट रेझेस्निव्हस्की नंतर सांगत आल्यात. कोणी सांगितलं नव्हतं, ड्युटी लिस्टमध्ये नव्हतं. असं काम पगाराच्या स्लिपवर कधी येणार नाही, ते कोणीतरी बघून लिहावंच लागतं.

आपल्याकडे काय आहे

भारतात नर्सेससाठी राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून आहे, १२ मेला नर्सेस डे होतो, १ जुलैला डॉक्टर्स डे होतो, त्या दिवशी केक कापतात, आणि तो केक टेबलावर आणून ठेवणाऱ्या मामांसाठी वेगळा असा रुळलेला दिवस मात्र नाही. कोविडमध्ये २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या, ३ मे २०२० ला सैन्यदलांनी हॉस्पिटलांवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली, आणि सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमा कवच जाहीर केलं तेव्हा त्यात वॉर्डबॉय आणि सफाई कर्मचारी यांचं नाव आलं, ही मोठी गोष्ट होती. पण ते बाहेरून आलेलं कौतुक, सगळ्यांचं मिळून, त्यात कोणा एकाचं नाव नव्हतं.

सगळ्यात जवळची सरकारी गोष्ट म्हणजे कायाकल्प. २०१५ मध्ये केंद्राने सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेसाठी ही पुरस्कार योजना आणली, महाराष्ट्रातली जिल्हा रुग्णालयं, ग्रामीण रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं यात भाग घेतात. मार्किंग आधी स्वतःचं, मग दुसऱ्या दवाखान्याच्या टीमकडून पिअर असेसमेंट, मग बाहेरचे लोक, आणि बक्षिसासाठी ७० टक्क्यांच्या वर मार्क लागतात. बक्षिसाच्या रकमेतला ७५ टक्के भाग दवाखाना सुधारायला आणि २५ टक्के तिथल्या टीमला. म्हणजे सफाई कामगाराच्या कामावरच हे मार्क उभे असतात हो, पण तपासली जाते इमारत, माणूस नाही. बक्षीस घेतानाच्या फोटोत पुढच्या रांगेत कोण उभं आहे ते बघावं, बहुतेक वेळा ज्यांनी फरशी पुसली ते नसतात. २५ टक्के वाटताना टीममधल्या लोकांनीच एकमेकांची नावं सुचवली तर ही योजना सहकारी-कौतुकाच्या फार जवळ जाईल.

महाराष्ट्रात अजून एक गोष्ट आहे जी बर्मिंगहॅमला नाही. आपल्या हॉस्पिटलांतलं सफाईचं काम पिढ्यान्‌पिढ्या दलित समाजातल्या ठराविक जातींच्याच वाट्याला आलंय. सरकारने नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगारांच्या वारसांना नोकरीचा हक्क मिळाला, त्यामुळे एकाच हॉस्पिटलात आजी, मुलगा, नातसून अशी कुटुंबं सापडतात. अशा ठिकाणी सहकाऱ्याने नाव घेऊन, आडनावासकट, 'यांनी हे काम केलं आणि आम्हाला शिकायला मिळालं' असं लिहिणं याचं वजन वेगळंच पडतं. आणि म्हणूनच इथे नुसतं गुलाबाचं फूल देऊन भागत नाही, ज्या ग्लासातून सगळे चहा पितात त्याच ग्लासातून त्यांनाही चहा मिळतो का हे आधी बघावं लागतं.

चालवताना कुठे अडतं

फॉर्म इंग्रजीत असला की संपलं, सपोर्ट स्टाफ एकमेकांबद्दल लिहीतच नाही आणि मग फक्त डॉक्टर-सिस्टर त्यांच्याबद्दल लिहितात, म्हणजे पुन्हा वरून खाली. त्यावर सोपा उपाय म्हणजे तोंडी सांगायचं, दुसऱ्याने मराठीत लिहून घ्यायचं, किंवा वॉर्डच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकायचा. नाइटवाले कायम सुटतात, कारण सकाळी राउंडला जे दिसतात त्यांचीच नावं येतात. लिहिताना 'खूप मेहनती, हसतमुख' असं लिहिलं तर ते कोणालाही लागू होतं, त्यापेक्षा काय केलं, कधी केलं, कोणाचा काय फायदा झाला एवढं तीन ओळीत आलं तर तो माणूस घरी नेऊन दाखवतो. आणि पैशाचं बक्षीस मोठं ठेवलं की रुसवे सुरू होतात, मतं गोळा केली जातात, म्हणून शक्यतो ही स्पर्धा करूच नये, जेवढी चांगली कामं तेवढ्या चिठ्ठ्या निघाव्यात.

हे पगाराच्या जागी वापरणं तर साफ चुकीचं आहे. ग्लोव्हज वेळेवर मिळत नाहीत, किमान वेतन मिळत नाही, आणि भिंतीवर 'आमचे हिरो' असा बोर्ड, हे कामगारांना बरोबर कळतं.

सगळ्यात अवघड प्रश्न कंत्राटी लोकांचा आहे, कारण आज बऱ्याच हॉस्पिटलांत हाउसकीपिंग आणि सिक्युरिटी ठेकेदाराकडे असते आणि हे लोक हॉस्पिटलच्या कर्मचारी यादीतच नसतात, त्यामुळे कौतुकाच्या यादीतही येत नाहीत. ठेका बदलला की जुन्या ठेकेदाराकडच्या नोंदी गेल्या, माणूस मात्र त्याच वॉर्डात नवीन युनिफॉर्म घालून पुन्हा नवशिका म्हणून उभा. म्हणून चिठ्ठीची एक प्रत हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, त्या कामगाराच्या हातात द्यावी, ठेकेदाराच्या फाइलला नाही, म्हणजे पुढच्या ठेकेदारासमोर किंवा कायम भरतीच्या वेळी अनुभवाचा कागद म्हणून ती त्याला दाखवता येते.